चंद्रोदयाची परवानगी

गेल्या श्रावणातली अंगारकी. वाईला आईकडे गेले होते. दिवसभर रिपरिप, पागोळ्या गळतायत, कपडे घरातच दोरीवर आणि त्यांचा तो आंबूस ओला वास. आईचा उपास होता. शहात्तर वर्षांची आहे, गुडघे गेलेत, मोतीबिंदू काढून झालाय, पण अंगारकी सोडत नाही. संध्याकाळी एकवीस मोदक वळून झाले, दूर्वा निवडून झाल्या, केळीचं पान पुसून ठेवलं. आता फक्त चंद्राची वाट. आभाळ इतकं भरलेलं की चंद्र दिसायचा प्रश्नच नव्हता. पावसाळ्यात तो ढगामागे वेळेवर उगवला असं धरून ताट वाढायचं असतं. ती वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरात असते, पण बारीक अक्षरात, आणि आईचा जवळचा चष्मा नेहमीप्रमाणे घरात कुठेतरी होता. म्हणून तिने फोन उचलला. कोणीतरी तिला पंचांगाचं एक ॲप घालून दिलंय. मोठी अक्षरं, वर गणपती, उघडलं की घंटा वाजते. महिनाभर ते निमूट चाललं होतं. मग एका रात्री त्याने आपलं आपण नवं रूप घेतलं.

मी आत कोशिंबिरीला फोडणी देत होते. बाहेरून हाक आली, "अगं, हा विचारतोय, तुमचे संपर्क बघू का म्हणून. काय सांगू?"

आई फोनला "हा" म्हणते. गॅसवाला, पोस्टमन, वीज मीटर बघायला येणारा मुलगा, तसाच हा. मी हात पुसत बाहेर आले आणि "अनुमती देऊ नका" दाबलं. लगेच एक अख्खं पान उघडलं. उत्तम अनुभवासाठी ही परवानगी आवश्यक आहे, असं काहीतरी, आणि खाली एकच केशरी बटण, "पुढे जा". मागे गेले तर पुन्हा तेच पान. चंद्र कधी उगवणार हे सांगायला याला मिरजेच्या शैलामावशीचा नंबर कशाला हवा? माझा फोन वर चार्जिंगला होता. "थांब, मी बघून येते," म्हणून जिना चढले. खाली उतरेपर्यंत घंटा वाजली होती. आईने "हो" म्हणून टाकलं होतं. "इतकं विचारतोय तर म्हटलं घे बाबा. दारात आलेल्याला किती वेळ उभं करायचं?"

मोदक चांगले झाले होते. मी चार खाल्ले. पण ते केशरी बटण काही डोक्यातून जाईना.

याला एक कारण आहे आणि ते सांगायला मला फारसं आवडत नाही. माझं काम भाषांतराचं. इंग्रजी मजकूर मराठीत आणायचा, शब्दाला मोजून पैसे. जाहिराती, औषधांच्या चिठ्ठ्या, आणि गेली सात-आठ वर्षं ॲपमधली वाक्यं. ती एक्सेलच्या रकान्यात येतात, सुटी सुटी, मागचापुढचा संदर्भ नसलेली. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठीची रिकामी चौकट, शेजारी अक्षरमर्यादा. "अलाऊ"ला "अनुमती द्या" की "परवानगी द्या", यावर मी एकदा तासभर ईमेल केल्याचं आठवतं. "गॉट इट"ला "समजले". त्या वेळी हे फार चपखल वाटलं होतं. नंतर आईच्याच फोनवर तो शब्द बघितला, आणि ती म्हणाली, "मला समजलं नाही तर काय दाबू?" तिथे दुसरं बटण नव्हतं. पण मला जे टोचलं ते वेगळंच. शेकडो रकाने भरले, "आत्ता नको" लिहिलं, "नंतर आठवण करा" लिहिलं, "वगळा" लिहिलं, "कदाचित नंतर" लिहिलं. नुसतं, सरळ "नाही" फार क्वचित लिहावं लागलं. कारण डावीकडच्या रकान्यातच ते फारसं नसायचं.

आता मराठी माणसाने यावर आश्चर्य करावं का, हाही एक प्रश्नच. आपल्या घरातही "नाही" म्हणत नाहीत. तेल संपलं असं माझी आजी कधी म्हणाली नाही, तेल "वाढलं". बांगडी फुटली तरी ती "वाढवली". दारावर कोणी मागायला आलं की "पुढे जा" म्हणायचं, "नाही" म्हणायचं नाही. (ते केशरी बटण बघून मला आधी हेच आठवलं होतं. फक्त इथे पुढे जायला मागणारा आपल्याला सांगत होता.) पण आजीच्या "वाढलं"मध्ये ऐकणाऱ्याला अर्थ पोचत असे. तेल उसनं मागायला आलेली शेजारीण ते ऐकून परत जायची, दर दोन दिवसांनी तोच प्रश्न घेऊन उंबऱ्यात उभी राहायची नाही. फोनचं "नंतर" खरोखरच नंतर येतं. सकाळी येतं, बसमध्ये येतं, आपण कोणाच्या तरी तेराव्याला बसलेलो असताना येतं. दहाव्या वेळी माणूस कंटाळून "हो" म्हणतो, आणि त्यानंतर मात्र "अजून तुमचं हो आहे ना?" असं कोणी विचारायला येत नाही.

बरं, पंचांगाच्या बाजूनेही थोडं बोललं पाहिजे. चंद्रोदयाची वेळ सांगायला ठिकाण कळावं लागतं, हे खरंच आहे. नागपुरात चंद्र मुंबईच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी वर येतो. मुंबईतल्या नणंदेने फोन करून "उगवला गं" म्हणेपर्यंत नागपूरच्या भावजयीचं जेवून झालेलं असतं. म्हणून कॅलेंडरात गावागणिक वेळा छापतात. पण वाई आणि पुणे जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. पुण्याची वेळ वाईला बिनदिक्कत चालते, आणि ती छापणाऱ्याला आई मधल्या आळीत राहते की गंगापुरीत, आत्ता माजघरात आहे की देवळात, यातलं काहीही कळावं लागलं नव्हतं. गावाचं नाव विचारलं असतं तर आईने आनंदाने सांगितलं असतं, वर ढोल्या गणपतीला या म्हणून आमंत्रणही दिलं असतं.

"आपल्याकडे कुठे होता हो खाजगीपणा?" हे मी पुष्कळदा ऐकलंय. आणि ज्या वाड्यात मी वाढले तिथे तो खरोखर नव्हता. नऊ बिऱ्हाडं, एक चौक, एक नळ. कोणाकडे कोण आलं, किती वेळ बसलं, चहा झाला की नुसतं पाणी, सगळं सगळ्यांना माहीत. फोन एकट्या सावकारांकडे. आमचा नंबर म्हणजे त्यांचाच नंबर, पुढे कंसात "पी.पी." लिहिलेला. कोणाचा फोन आला की त्यांचा मुलगा चौकात उभा राहून आमच्या नावाने ओरडायचा, मग आई पदराला हात पुसत धावायची आणि सावकारांच्या ओटीवर सहा माणसांसमोर मामाशी बोलायची. मावशीच्या सोयरिकीला नकार आला तो असाच, ओटीवर. आई फोन ठेवून वळली तेव्हा सहाही जणांना कळलेलं होतं, आणि सावकारीणबाईंनी न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला होता. मावशी पुढे वर्षभर त्या चौकातून मान वर करून गेली नाही. त्या दिवसांबद्दल गहिवरून बोलणाऱ्यांनी मावशीला एकदा विचारावं. पोस्टकार्ड पोस्टमन वाचायचा. त्यात काही चोरटेपणा नव्हता, "मुलगा झाला हो!" हे तो दारातूनच सांगायचा. म्हणून नाजूक काही असलं की आंतर्देशीय पत्र आणायचं आणि कडा भाताच्या शिताने पुन्हा एकदा चिकटवायच्या. काय उघडं ठेवायचं आणि काय मिटायचं, एवढी निवड पाच-दहा पैशांच्या फरकात मिळत होती. आणि एक गोष्ट होती वाड्याची, सावकारांना आमचं सगळं माहीत होतं तसं आम्हालाही सावकारांचं सगळं माहीत होतं. त्यांच्या थोरल्याने मुंबईला काय दिवे लावले ते चौकातल्या नळाला विचारा. पंचांगवाल्याबद्दल आई काय सांगू शकेल? घंटा वाजते, एवढंच.

पुढे आमचाही फोन आला. काळा, जड, तबकडीचा. बाबांनी पहिल्याच आठवड्यात बाजारातून एक इवलंसं कुलूप आणलं आणि तबकडीच्या भोकात अडकवलं. किल्ली देव्हाऱ्यात, शंखाखाली. येणारा फोन घेता यायचा, लावता यायचा नाही. दादाने पंधरा दिवसांत त्यावर तोड काढली. रिसीव्हर ठेवायच्या जागेवरची खुंटी टकटक दाबायची. सातसाठी सात टकटक, शून्यासाठी दहा, मध्ये श्वासभर थांबायचं. मी दारात पहारा द्यायची आणि आकडे मोजायची. चुकलं की पलीकडे भलताच कोणी तरी "हॅलो, मार्केट यार्ड" म्हणायचा. बिल आल्यावर बाबांना कळलं. ते रागावले, मग बराच वेळ त्यांनी ती खुंटी दाबून बघितली, आणि मला वाटतं त्यांना दादाचं कौतुकच वाटलं असावं. कुलूप राहिलंच. पण फोन आमचा, कुलूप आमचं, आणि किल्ली शंखाखाली, कुठे आहे ते सगळ्यांना माहीत असलेली.

दादाचा मुलगा आता इंजिनिअरिंगला आहे, बापाच्या वळणावर गेलाय. गेल्या वर्षी त्याने जुन्या फोनचं आतलं कुलूप काढलं. फोन सुरू करणाऱ्या, बूटलोडर नावाच्या प्रोग्रामचं ते कुलूप. मग कंपनीने घातलेली सगळी यंत्रणा पुसून त्यावर लीनेजओएस नावाची मोकळी प्रणाली चढवली. मला दाखवायला आला. स्वच्छ पडदा, एक नको असलेलं ॲप नाही, कोणी काही विचारत नाही. मला हेवा वाटला. "माझ्यावरही करून दे की," म्हटलं. तो हसला. "आत्या, करून देतो, पण मग बँकेचं ॲप चालेल याची खात्री नाही. माझं तर उघडतच नाही. त्याला वाटतं फोन फोडलाय." म्हणजे स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या वस्तूची किल्ली स्वतः फिरवली, तर बँक तुम्हाला दरोडेखोर समजणार. बँकेचं अगदीच चूक आहे असंही नाही. खरे चोरही हेच करतात. तो आता दोन फोन बाळगतो, एक मोकळा आणि एक बँकेपुरता. मंडईत भाजीवालीसमोर बँकेचा काढतो.

मी काही केलं नाही. एकच फोन आहे माझा, त्यातच सगळं आहे. कोथिंबिरीची जुडीसुद्धा त्यावरच घेते, आणि भाजीवालीच्या पेटीतून बाई माझे पंधरा रुपये सगळ्या मंडईला ऐकवते. सावकारांच्या मुलाची गादी तिने चालवायला घेतलीय.

आमच्या समोरच्या वहिनींची खात्री आहे की फोन आपलं बोलणं ऐकतो. गादीबद्दल बोललं, दुसऱ्या दिवशी गादीची जाहिरात. मला ते पटत नाही, आणि न पटण्याचं कारण जास्त अस्वस्थ करतं. ऐकायची गरजच काय? वहिनी कुठल्या दुकानासमोर दहा मिनिटं उभ्या होत्या, त्यांच्या वायफायवर त्याच रात्री सुनेने काय शोधलं, कंबरेच्या कुठल्या डॉक्टरकडे गाडी थांबली. वाड्यातल्या बायकाही भिंतीला कान लावत नसत. कोणाच्या दोरीवर काय वाळतंय एवढ्यावरून त्यांना पुरेसं कळायचं.

कायदा आहे ना, असं मला दादा म्हणाला. आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. ज्यांच्या याचिकेवर हे झालं ते पुट्टस्वामी स्वतः निवृत्त न्यायमूर्ती, आणि आधारच्या विरोधात ते कोर्टात गेले २०१२ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी. आईपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या माणसाने "नाही" म्हटलं आणि त्यासाठी देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाची पायरी चढला, हे मी तिला सांगितलं तर म्हणाली, "त्यांना गुडघ्याचा त्रास नसेल."

मग २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. कामासाठी मला तो मुळातून वाचावा लागला होता. त्यात माणसाचा उल्लेख "ती" असा केलाय, "तो"मध्ये "ती" गृहीत धरायच्या जुन्या रिवाजाच्या उलट, याचं मला त्या वेळी बरं वाटलं होतं. अंगारकीनंतर पुण्याला परतताना, खंबाटकीच्या बोगद्यातून जात असताना, त्यातलं सहावं कलम एकदम आठवलं. संमती कशी असावी ते त्यात आहे: मोकळेपणी दिलेली, विनाअट, आणि कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती. आणि खाली एक उदाहरण दिलंय. एक बाई डॉक्टरी सल्ल्याचं ॲप घेते. ॲप तिच्याकडे सल्ल्यासाठी परवानगी मागतं आणि फोनमधल्या संपर्कांचीही मागतं. ती दोन्हीला हो म्हणते. कायदा म्हणतो, सल्ला द्यायला संपर्क लागत नाहीत, सबब तिचं हो फक्त सल्ल्यापुरतं धरावं. बसमध्ये मी मोठ्याने हसले असेन, शेजारचे गृहस्थ वळून बघायला लागले. डॉक्टरच्या जागी चंद्र घाला, ही तर आमची आई. संमतीची सूचना मराठीतही मिळाली पाहिजे, असंही त्यात आहे. माझ्यासारखीला तेवढंच काम. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले, पण मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत देऊन. म्हणजे २०२७ चा मे. त्या मुदतीत आईच्या दीड डझन संकष्ट्या होतात.

आणि सरकारचं म्हणाल तर त्याच नोव्हेंबरच्या शेवटी सगळ्या नव्या फोनमध्ये "संचार साथी" ॲप आधीच घालून द्या असा आदेश कंपन्यांना निघाला, आठवड्याच्या आत गदारोळ झाला आणि ३ डिसेंबरला ती सक्ती मागे घेतली. चोरीला गेलेला फोन बंद करायला ते ॲप उपयोगी आहे, मी स्वतः दोघांना सुचवलंय. पण "घे बाई, चांगलं आहे" आणि "तुझ्या घरात ठेवून आलोय" या दोन वाक्यांत फरक आहे. २०१८ च्या ऑगस्टमधली गंमत आठवत असेल. आधारचा हेल्पलाइन नंबर लोकांना एकाएकी आपल्या फोनमध्ये साठवलेला सापडला. कोणी घातला कोणाला माहीत नाही. मग गूगलने सांगितलं, २०१४ साली भारतासाठीच्या सेटअपमध्ये तो आमच्याकडून चुकून राहिला. मीही त्या दिवशी घाईघाईने माझी यादी तपासली. तो नंबर नव्हता, आणि खरं सांगायचं तर जरा निराशाच झाली. पण यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत खाली नेताना लक्षात आलं की त्यातली साठ-सत्तर नावं कोणाची ते मलाच सांगता येत नाही. "सुनील फरशी". "मॅडम जांभळी साडी". ही माणसं माझ्या खिशात राहतात, आणि मी कुठे "हो" म्हटलं की माझ्याबरोबर तीही हो म्हणतात. त्यांना कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

दिवाळीला वाईला गेले तेव्हा एका दुपारी आईचा फोन घेऊन बसले. ती शेजारी चकल्या डब्यात भरत होती. भाजणीच्या वासाने घर भरलं होतं. पंचांगाची संपर्कांची परवानगी काढली. ते आता काही कुरबूर न करता उघडलं, घंटाही वाजली, म्हणजे गरज नव्हतीच. वर्षभराच्या संकष्ट्या आणि पुण्याच्या वेळा एका पुठ्ठ्यावर स्केचपेनने टपोऱ्या लिहून फ्रीजवर लावल्या. मग म्हटलं, यादीही जरा साफ करू. "गुडघा डॉक्टर". "नळवाला खरा". "नळवाला दुसरा". "शैला मिरज". "शैला मिरज नवा". शेवटाकडे, ह वर, एकच नाव होतं.

"हे".

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांचं कार्ड आम्हीच बंद केलं होतं. बंद झालेला नंबर कंपन्या काही महिने नुसता ठेवतात आणि मग दुसऱ्या कोणाला तरी देतात, हे मला माहीत होतं. तो दिसतो कसा ते माहीत नव्हतं. "हे"च्या शेजारच्या गोल चौकटीत एक वीस-बावीस वर्षांचा पोरगा लाल मोटरसायकलला टेकून उभा होता. काळा गॉगल, हाताची घडी.

"हा काढू का?" मी विचारलं.

"नाही," आई म्हणाली.

मग चकल्या भरता भरता थांबली. "अगं, त्या पंचांगवाल्याकडे हाही नंबर गेला असेल का?"

"गेला असेल."

तिने फोन जवळ घेतला, लांब धरला, त्या मुलाकडे थोडा वेळ बघितलं. "काय तरी बाई मी पण," म्हणाली, "आता उगाच त्या पोराला फोन करून त्रास देतील." आणि डब्याचं झाकण शोधायला उठली.